विक्रांतचं पान

ती मार्गदर्शिका रसिकाने सहा वर्षं कुणाला हलवू दिली नव्हती.

मराठी शुद्धलेखन तपासणारं एक फुकट सॉफ्टवेअर ती आणि विक्रांत नोएडातल्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत बसून उभं करत होते. ते कुणाच्याही कॉम्प्युटरवर सहज बसावं म्हणून त्याचं पॅकेज कसं बांधायचं, हे विक्रांतने साइटवरच्या एका पानावर सविस्तर लिहून ठेवलं; तीच ही मार्गदर्शिका. मग आईच्या आजारपणामुळे तो सांगलीला गेला, तो तिकडचाच झाला. जे बोलायचं होतं ते राहून गेलं. रसिका अधूनमधून ते पान उघडायची. वाचताना वाटायचं, शेजारच्या खुर्चीत बसून समजावतोय.

फेब्रुवारीत अबोली मदतीला आली. मूळची लातूरची, दिल्लीत स्पर्धा परीक्षेचे दोन प्रयत्न करून आता कॉम्प्युटर शिकत होती. पण आठवडाभर तिचं काहीच कळेना. शेवटी रसिकाने तिला मेट्रो स्टेशनजवळ चहाला बोलावलं.

"ताई, मला नाही जमणार बहुतेक. पॅकेज कसं बांधायचं ते कुठे लिहिलंय, तेच सापडेना."

"अगं, आहे ना! जुन्या साइटवर जायचं, 'इतर'मध्ये, तिथे खाली तिसऱ्या..." बोलता बोलता रसिका थांबली.

"मला वाटलं, सगळ्यांना ठाऊक असणार, मीच ढ. म्हणून विचारलं नाही."

रसिका ओशाळली. असे न विचारताच किती जण परत गेले असतील?

घरी जाताना मेट्रोतून तिने विक्रांतला लिहिलं, "तुझं पान पुढे आणतेय. थोडं बदलावं लागेल. चालेल ना?"

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "अगं, ते अजून आहे? मला काही आठवतही नाही यार. बिनधास्त बदल. मुलीला शाळेत सोडायला निघालोय, नंतर बोलू."

त्याला मुलगी आहे हे तिला ठाऊक नव्हतं. 'नंतर' काही आलं नाही.

रविवारी तिने ते पान साइटवर अगदी वर आणलं. 'पहिल्यांदाच आलात? इथून सुरुवात करा.' प्रत्येक परिच्छेदाखाली लिहिलं, 'अडलात? चूक दिसली? इथेच दुरुस्त करा.'

चौथ्या दिवशी पहिली दुरुस्ती आली, अबोलीची. विक्रांतने एके ठिकाणी लिहिलं होतं, 'आता दहा मिनिटं लागतील. चहा पिऊन या, मी आहे इथेच.' अबोलीने ती ओळच काढली होती. कारण दिलं होतं, 'हल्ली हे अर्ध्या मिनिटात होतं.'

बरोबरच होतं. तरी रसिकाचं बोट माऊसवर अडून राहिलं. निदान शेवटचे तीन शब्द ठेवावेत? कुणाचं काय बिघडणार होतं? पण नवा माणूस ते वाचून कुणाला शोधत बसला असता?

तिने 'मंजूर' दाबलं आणि अबोलीला लिहिलं, "छान केलंस. पुढचा परिच्छेद मलाही कधी धड कळला नाही. बघतेस?"

"बघते, ताई. अडलं तर फोन करू?"

"जरूर कर," रसिकाने लिहिलं, आणि डोळे पुसून ती पुढचा परिच्छेद वाचू लागली.