जांभ्याच्या ट्रॅकवर सुटलेली पकड

मागच्या दोन चाकांच्या मधून मी डिफरन्शियल बोलतोय. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त धाव लागते, आतल्याला कमी. तो हिशेब मी सांभाळतो आणि जोरही वाटतो.

कुडाळच्या दाजी मेस्त्रींनी मला आकांक्षाच्या शर्यतीच्या गाडीत बसवलं. माझ्या जागी आधी असलेला साधा भाऊ सगळा जोर हलक्या चाकाकडे जाऊ द्यायचा. चाक जागीच भिरभिरायचं. नंतर आला दातेरी चक्रांचा. शांत, न झिजणारा. पण जांभ्याच्या उंचवट्यावर एक चाक हवेत गेलं की तो हतबल.

माझ्यात प्लेटी आहेत. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की त्या एकमेकींवर आवळतात आणि दोन्ही चाकं बांधली जातात, एक हवेत असलं तरी. मात्र मी घासतो, झिजतो.

शर्यतीच्या सकाळी दाजींनी माझं तेल बोटावर घेतलं, त्यात धातूची पूड चमकत होती. "लोखंडाचो भुको दिसता. प्लेटी झिजल्यो. आज गाडी काढू नको गो."

"आजची एकच शर्यत, दाजीनू. जिकलंय तर संघात जागा गावतली," आकांक्षा म्हणाली.

दाजींनी बोट फडक्याला पुसलं; चावी तिच्याकडेच राहिली.

शेवटच्या फेरीत ती दुसरी होती. उंचवट्यावर आतलं चाक उचललं गेलं. मी आवळायला गेलो आणि घसरलो. पुन्हा घसरलो. मग एकदम पकडलं, तशी गाडीची शेपटी बाहेर फेकली गेली. समोर शर्यतीतल्याच देवेशची गाडी आडवी बंद पडलेली, आत तो पट्टा सोडवत होता.

जोर दिला असता तर मी पुन्हा दगा दिला असता. आकांक्षानं पाय हळूच सैल केला. माझ्या प्लेटी सुटल्या, चाकं मोकळी झाली, टायरांनी जमीन धरली. देवेशच्या दरवाजाला चाटून आम्ही पुढे गेलो.

ती चौथी आली. जागा गेली.

संध्याकाळी देवेश गॅरेजात आला. "तू वेळेर पाय उचललंस, म्हणान मी जितो आसय."

आकांक्षा मान खाली घालून म्हणाली, "माझ्यामुळेच तू मरतलो होतंस."

"माझीय चूक," दाजी म्हणाले. "चावी काढून घेवक होयी होती."

आज मी टेबलावर सुटा पडलोय. तापून काळ्यानिळ्या झालेल्या प्लेटी आकांक्षा एकेक मोजतेय. आकांक्षा, दाजी, नव्या प्लेटी येईपर्यंत गाडी काढायची घाई करू नका. धावताना मला ओरडून सांगता येत नाही. माझ्या तेलाकडे बघत जा.