दोनशे चौदावी ओळ

“दोनशे तेरा. कॅमेरा चालू,” लेखनिकाबाईंनी वाचलं.

“बरोबर.”

“दोनशे चौदा. यान डावीकडे वळेल, तेरा अंश.”

तपासनीस क्षणभर अडखळले. पुढ्यातल्या मंजूर प्रतीवर आकड्याच्या जागी त्यांना नुसता करडा ठिपका दिसत होता. मान तिरकी केली, तर कडेकडेने अक्षरं लागत. पण घड्याळ पळत होतं आणि पाठीशी प्रमुखबाई उभ्या होत्या.

“बरोबर,” ते म्हणाले.

कामाची रीत ठरलेली होती. एकाने पाठवायची यादी मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने मंजूर प्रतीशी ताडायची, आणि दुसऱ्याच्या तोंडून ‘बरोबर’ निघाल्याशिवाय पुढे जायचं नाही. यान निघालं त्या दिवसापासून, म्हणजे चौदा वर्षं, हा दुसरा माणूस म्हणजे तपासनीस. त्यांची बायको यानाला खुशाल सवत म्हणायची. आता ते यान त्या दूरच्या बटुग्रहाशी पोचत आलं होतं. थांबायची सोय नव्हती. उद्या त्याच्या शेजारून सुसाट निघून जायचं, तेवढ्यात काय दिसेल ते टिपायचं. चुकलं तर पुन्हा वळून बघणं नाही.

अकरा वाजता यादी गेली. खोलीत टाळ्या पडल्या.

“तुम्ही होतात ना सर, म्हणून मला घोर नाही,” लेखनिकाबाई हसून म्हणाल्या. “तुमच्या नजरेतून काय सुटणार?”

तपासनिसांनी पुढ्यातली प्रत मिटून ठेवली. तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की दोन्ही डोळ्यांची मधली नजर चालली आहे आणि त्यावर औषध नाही. त्यांनी ते घरी सांगितलं नाही, कचेरीतही नाही. वार्षिक तपासणीला डोळ्यांचा तक्ता शाळकरी पोरासारखा पाठ करून गेले आणि पास झाले. चौदा वर्षं वाट पाहिलेल्या दिवशी खोलीबाहेर बसायची त्यांची तयारी नव्हती, एवढीच साधी गोष्ट होती. आणि त्याची त्यांना मनापासून लाज वाटत होती.

जेवणाचा डबा त्यांनी न उघडताच बाजूला ठेवला. यानापर्यंत निरोप पोचायला साडेचार तास लागत आणि रात्री साडेआठनंतर यान नवा निरोप घेणार नव्हतं. चारच्या आत निघेल तीच दुरुस्ती कामाची, त्यानंतरची नुसती हळहळ. ‘कशावरून चूक असेलच?’ असं त्यांनी स्वतःला तीनदा समजावलं. दोन वाजता ते उठले आणि प्रमुखबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले.

“बाई, सकाळची यादी मी तपासलेलीच नाही.”

“म्हणजे काय?”

“मला मधलं दिसत नाही. तीन महिने झाले. ऐकायचं, आठवायचं आणि बरोबर म्हणायचं, असं चाललं होतं.”

प्रमुखबाईंचा चेहरा त्यांना दिसला नाही. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज तेवढा आला.

“काय सांगताय ते कळतंय का तुम्हाला?”

“कळतंय. म्हणून तर आलो.”

“ओळखपत्र इथे ठेवा,” त्या म्हणाल्या, “आणि बाहेर बसा.”

बाहेरच्या बाकावर ते पावणेदोन तास बसून होते. आत दोन माणसं यादी पहिल्यापासून ताडत होती. ओळखीचे लोक समोरून जात, पण कोणी थांबलं नाही. अखेर लेखनिकाबाई बाहेर आल्या.

“दोनशे चौदा,” त्या म्हणाल्या. आवाज रडवेला होता. “एकतीसचे तेरा झाले होते माझ्याकडून. संगणकाला काय, दोन्ही चालतात. कॅमेऱ्याने रिकामं आकाश टिपलं असतं.”

“दुरुस्ती गेली?”

“गेली. बारा मिनिटं उरली होती.” त्या बाकावर शेजारी बसल्या. “मला तरी सांगायचंत ना, सर. रोज तुमच्या भरवशावर वाचत होते मी.”

तपासनीस बाकावरून उठले आणि घराकडे निघाले.

छायाचित्र दाखवायच्या दिवशी प्रमुखबाईंनी शिपायाबरोबर पाहुण्यांसाठीचे दोन पास घरी धाडले, चिठ्ठी वगैरे काही नाही. तपासनीस बायकोला घेऊन गेले. “आत गर्दी फार, म्हणून आपण इथे,” एवढंच त्यांनी तिला सांगितलं होतं. काचेपलीकडच्या खोलीत त्यांच्या खुर्चीवर आज दुसरंच कोणी बसलं होतं. मोठा पडदा उजळला आणि सगळे एकदम उठून टाळ्या वाजवू लागले. तेही उठले.

“अगंबाई, केवढं स्वच्छ आलंय!” बायको म्हणाली. “अहो, दिसतंय ना?”

हो म्हणणं सोपं होतं. जिभेला त्याची सवयच झाली होती.

“नाही,” ते म्हणाले. “मधलं काहीच दिसत नाही मला. बरेच दिवस झाले. तूच सांग काय आहे ते.”

टाळ्या चालूच होत्या. तिने त्यांच्याकडे पाहिलं, पाहतच राहिली. मग त्यांचा हात घट्ट धरून पडद्याकडे वळली.

“गोल आहे,” ती म्हणाली. “खालून पांढरा, वर तांबूस. मधोमध मोठी भेग आहे, आणि तिच्या कडेला…” 

“सावकाश सांग,” तपासनीस म्हणाले. “मी ऐकतोय.”