खिळ्याचा पूर्णविराम

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, आणि माझी कीव करायला आला असाल तर आल्या पावली परत जा. ज्यांची कीव करावी अशी माणसं मी बारा वर्षं माझ्यासमोर बाकांवर बसलेली पाहिली. एक तर खुर्चीवर बसलेला होता.

पोलीस ॲक्शननंतर दोन वर्षांनी हर्सूलच्या जेलातल्या सुतारकामाच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. फकिरा नावाच्या कैद्याने सागाच्या तीन फळ्या जोडून मला घडवलं. मधली फळी हलायला लागली तेव्हा त्याने बरोबर मधोमध एक जादा खिळा ठोकला. जमादार खेकसला, "अरे, ये बीच में क्या ठोक दिया?"

"ऱ्हाऊ द्या साहेब," फकिरा म्हणाला. "दिसंल वाईट, पन फळी हलनार नाय."

आपल्या कामाची चाड असलेला दुसरा माणूस मला त्यानंतर फार दिवसांनी भेटला.

एका हायस्कुलात नववीच्या वर्गात मला टांगलं. तिथे इंग्रजीला तात्यासाहेब होते. निजामाच्या काळात ते उर्दूतून इतिहास शिकवत. राज्य बदललं, उर्दू गेली, आणि इंग्रजी कुणाला येतं असं विचारल्यावर त्यांनी सगळ्यांच्या आधी हात वर केला. झाले इंग्रजीचे मास्तर! कोटाच्या खिशातून पिवळी पडलेली वही काढायची, तिच्यातला 'माझे वडील' हा इंग्रजी निबंध माझ्यावर लिहायचा आणि सांगायचं, "समजो ना समजो, उतरवून घ्या. परीक्षेला हेच येतं." मग ते खुर्चीत डुलक्या काढत आणि पोरं खरडत बसत.

डस्टर घासून घासून त्या खिळ्याच्या डोक्यावरचा रंग उडाला आणि तो खडूच्या ठिपक्यासारखा पांढरा दिसू लागला. तात्यासाहेबांचं अक्षर दरवर्षी तेच, जागाही तीच. 'माय फादर' लिहून झालं की खिळा नेमका पुढे येई आणि 'इज अ फार्मर' त्याच्या पलीकडे जाई. पोरांनी त्याला पूर्णविराम समजून उतरवून घेतलं. 'माझे वडील' म्हटलं की वाक्य संपलं! शिंप्याचा मुलगा, जेलातल्या शिपायाचा मुलगा, ज्याला बापच नव्हता तो मुलगा, सगळ्यांचे वडील शेतकरी, आणि सगळ्यांचे दोन शब्दांत आटोपलेले. तात्यासाहेबांनी प्रत्येक वहीवर लाल शाईने बरोबरची खूण केली. एकदा तरी वाचलं असतं तर दिसलं असतं.

तेराव्या वर्षी तात्यासाहेब दिवाळीनंतर दहावीवर गेले आणि नववीला छावणीतून सायकलवर येणाऱ्या द्वारकाबाई आल्या. मला त्यांचाही रागच आला, कारण त्या मला कोरा ठेवत. मुलांना म्हणत, "आधी धड्याचं नाव वाचा, चित्र बघा, आत काय असेल ते सांगा. मग मनातल्या मनात वाचा. अडलेल्या शब्दाखाली रेघ मारा, पण थांबू नका. पुष्कळदा पुढच्या ओळीत त्याचा अर्थ सापडतो." वर्ग गप्प वाचत बसे. हेडमास्तर बद्रीनाथराव दारातून डोकावत, "बाई, वर्ग चालू हाये का सुट्टी दिली?" आरडाओरडा नाही म्हणजे शिकवणं नाही, एवढंच त्यांना शिक्षणातलं कळत होतं.

एकदा बाईंनी वडिलांवर चार ओळी लिहायला सांगितल्या. चाळीस वह्या आल्या आणि चाळीस ठिपके आले.

"हा पूर्णविराम कुणी शिकवला?"

सगळ्या वर्गाने माझ्याकडे बोट दाखवलं. तेवढ्यात साळू उठली. साळू ही मेंढपाळ त्रिंबकची मुलगी. बापाने तिला बजावलं होतं की यंदा नापास झालीस तर शाळा बंद, मेंढरांमागं सोयगावकडं निघायचं. ती पुढे आली आणि थुंकी लावून तिने तो ठिपका चोळला.

"बाई, ह्यो पुसत नाय. खिळा हाये."

बारा वर्षांत मला कुणी बोट लावून पाहिलं नव्हतं. मला गहिवरून आलं, लपवत नाही.

"आन् माझा बाप फार्मर नाय," ती म्हणाली. "आमच्याकडं मेंढरं हायेत."

"मग ते लिही," बाई म्हणाल्या. "चुकलं तर खोडू. आधी लिही तर खरं."

वार्षिक परीक्षेला तोच निबंध आला. पेपर तपासायचा मान ज्येष्ठ म्हणून तात्यासाहेबांचाच. सांडू नावाच्या हुशार पोराने सगळ्यांना सल्ला दिला, "खिळा तर खिळा, मार्क भेटत्यात ना?" एकोणचाळीस जणांनी ठिपक्यासकट निबंध लिहिला. साळूने मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं की माझ्या वडिलांकडे मेंढ्या आहेत, त्यातली एक लंगडी आहे, चालताना ते तिला खांद्यावर घेतात. तात्यासाहेबांनी तिला शून्य दिलं. साळू नापास.

द्वारकाबाईंनी चाळीस पेपर बद्रीनाथरावांच्या टेबलावर मांडले.

"ही एकच पोर नापास आहे, साहेब. आणि स्वतःचं लिहिणारीही हीच एक."

बद्रीनाथराव बराच वेळ वाचत बसले. वाचायची सवय नव्हती ना. शेवटी साळूला पास केलं, ते एक बरं झालं. मग चौकशी झाली आणि सगळा दोष माझ्या खिळ्यावर आला. तात्यासाहेबांना कुणी एक शब्द बोललं नाही. मला व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवलं आणि वर्गात नवा कोरा फळा आला.

जूनमध्ये तात्यासाहेब पुन्हा नववीवर आले. मी खिडकीतून पाहत होतो. पिवळी वही निघाली. त्यांनी 'माय फादर' लिहिलं, क्षणभर थांबले, आणि खडूने स्वतःच्या हाताने ठसठशीत ठिपका दिला.

मित्रांनो, फळा ओल्या फडक्याने पुसा, उन्हाळ्यात त्याला काळा रंग द्या, एवढं तरी करा. पण उतरवून घेण्याआधी एकदा बोट लावून बघा. साळू आता दहावीत आहे. जाता-येता ती माझा खिळा अंगठ्याने दाबून पाहते. फळी अजून हललेली नाही.