आइस्क्रीमच्या डब्यातला लिसार्दो

"आला! लिसार्दो आला!"

शेडखाली दाटीवाटीने उभे असलेले तीसेक लोक एकदम ओरडले. त्रेपन्न सालच्या त्या हिरव्या अमेरिकन टॅक्सीची चावी नेरेइदाच्या मुठीत होती, इंजिन गार पडलं होतं, तरीही स्टिअरिंगमागच्या मीटरच्या काचेत पिवळट उजेड पेटला. चिमणीच्या वातीसारखा, मिणमिणता. कुणी छातीवर क्रूस काढला, कुणी रडायला लागलं.

नेरेइदा मागच्या सीटवर कोंडलेली. मागची दारं आतून उघडतच नसत, आणि बाहेरून लोक त्यांना पाठ टेकून उभे होते.

तिचा नवरा लिसार्दो दोन महिन्यांपूर्वी वारला. दिराने, ओस्मानीने, टॅक्सीची जळकी फ्यूजपेटी बदलली. मग 'जरा चालवून बघतो' म्हणून फुकट फेरी मारणाऱ्या अर्सेनियोला हा उजेड पहिल्यांदा दिसला. त्या दिवसापासून जुने टायर विकणारा अर्सेनियो 'पाद्रिनो' झाला, मेलेल्यांचा दुभाष्या! पांढरा सदरा, पांढरी पँट, गळ्यात मण्यांच्या पाच माळा. त्याच्या तोंडून मेलेल्याने हुकूम सोडले: विधवेने पांढरंच घालावं. फाटकाबाहेर पडू नये. गाडी चालवू नये. पहारा द्यायला सिएनफुएगोस शहरातली ती अख्खी गल्ली होतीच. नेरेइदा पाव आणायला निघाली की शेजारीण म्हणायची, "तू कशाला गं? मी आणते की!" प्रेमाने म्हणायची, म्हणून तोंडही उघडता येत नसे.

नेरेइदाला एवढंच हवं होतं, की लिसार्दोने चालवायला शिकवलेली ती टॅक्सी पाल्मिरा गावच्या रस्त्यावर स्वतः चालवायची आणि स्वतःचं पोट भरायचं. आज तिच्या मांडीवर गाडी अर्सेनियोच्या नावावर करायचा कागद होता. फक्त सही बाकी.

"लिसार्दो, भावा!" ड्रायव्हरच्या जागेवर बसलेल्या अर्सेनियोने डोळे मिटून आळवलं. "धुरापलीकडून बोल, लाटांपलीकडून बोल! गाडी माझ्याच हाती द्यायची ना?"

कर्र.

उजेड.

नेरेइदाची मान वर झाली. बावीस वर्षं ती या गाडीत बसली होती. ब्रेक दाबला की पेडलची स्प्रिंग अशीच कुरकुरायची. "तेल घालायला हवं," असं लिसार्दो दर सिग्नलला म्हणायचा, आणि घालायचा कधीच नाही.

"पाद्रिनो, पुन्हा विचारा."

"मेलेल्या माणसाला दमवू नये, पोरी. सही कर."

"एकदाच. पाय वर घेऊन, सीटवर मांडी घालून विचारा."

"पायांचा काय संबंध?"

"तेच म्हणते मी. लिसार्दोला तुमच्या पायांशी काय करायचंय?"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. तंत्रशाळेत तीस वर्षं वीज शिकवलेल्या मिग्दालियाबाई खुर्चीवरून म्हणाल्या, "घाल की मांडी, अर्सेनियो. टायर विकताना फूटपाथवर घालतोसच ना?"

सगळ्यांच्या देखत त्याला मांडी घालावी लागली. विचारलं. घसा ताणून पुन्हा विचारलं. काच काळीच.

"तुमच्या अविश्वासाने तो रुसला!"

"दार उघडा," नेरेइदा म्हणाली. कुणीतरी उघडलं. तिने अर्सेनियोला उठवलं, त्याच्या जागी बसली आणि ब्रेक दाबला. कर्र. उजेड. सोडला. अंधार.

"बघा. मी तर काही विचारलंही नाही."

मिग्दालियाबाई काठी टेकत गाडीच्या मागे गेल्या. "दाब गं. अरे, ब्रेक दाबल्यावर हे तांबडे दिवे लख्ख पेटायला हवेत. हे बघा कसे विझत आलेत! दोन महिने सगळे पुढेच बघत बसलात." मग त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. "ओस्मानी, ही पेटी कशाची?"

"आइस्क्रीमच्या डब्याची, बाई. लोखंडी मिळते कुठं? पण तारा सगळ्या भावाने लावल्या होत्या तिथंच लावल्या. एकही इंचभर हलवली नाही."

"तिथंच फसलास. मागचा पत्रा खाऱ्या हवेने कुजला, म्हणून त्याने मागच्या दिव्यांची परतीची तार पुढे आणून लोखंडी पेटीला कसली. पेटी गाडीच्या पत्र्याला चिकटलेली, त्यातून वीज बॅटरीकडे परत जायची. तू ती तार प्लास्टिकला कसलीस! वाट बंद. मग ब्रेकची वीज त्याच दिव्यातल्या दुसऱ्या तंतूतून उलटी पळते, आणि या काचेमागच्या दिव्यातून पत्र्यात उतरते. एवढी वणवण झाल्यावर उजेड मिणमिणताच पडणार."

ओस्मानीचा चेहरा उतरला. "म्हणजे... भाऊ नव्हता?"

कुणी हसलं नाही.

अर्सेनियो तेवढ्यात फाटकाबाहेर सटकला होता. बाहेर पडायची बंदी त्याला नव्हती ना!

नेरेइदाने ब्रेक आणखी एकदा दाबला. तो उजेड जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मग ती उतरली, कागद फाडला, डोक्याचा पांढरा रुमाल सोडून हात पुसले, पेचकसाने पत्र्यावरचा रंग चकचकीत होईपर्यंत खरवडला आणि तार तिथे कसली. पुन्हा ब्रेक. काच काळी. मागे उभ्या असलेल्यांची तोंडं दिव्यांच्या उजेडात लालभडक झाली.

"सरका," ती म्हणाली, "गाडी काढायचीय."

तुमच्या गल्लीतही असा उजेड पेटेल. गेलेल्या माणसासाठी रडा, त्यात लाज नाही. पण त्या उजेडाच्या नावाने एखाद्या बाईला कोंडणार असाल, तर आधी बोलणाऱ्याचे पाय कुठे आहेत ते बघा. आणि एकदा तरी गाडीच्या मागे जाऊन या.