मालकांनी काटा खाली ठेवला

‘एक छोटीशी सूचना होती,’ असं कोणी म्हणालं की मोरेना बर्तोलीचं डोकं उठायचं. गेली तीन वर्षं ती झांफ्रीनींच्या कारखान्यात विजेवर धावणारी त्यांची पहिली स्पोर्ट्स कार घडवत होती, आणि या तीन वर्षांत तिला मोठी सूचना एकानेही केली नव्हती. सगळ्या छोट्याशाच. फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून मालकांच्या मेहुण्यापर्यंत प्रत्येकाची एक. त्या सगळ्या मानल्या असत्या तर गाडी राहिली बाजूला, चार चाकांवरचं हॉटेल तयार झालं असतं.

या सगळ्याचं मूळ होता जाकोपो. हा गृहस्थ मिलानहून आलेला, विक्री विभागाचा प्रमुख, मोजे न घालता बूट घालणारा. त्याने एक दिवस अख्ख्या कारखान्याला जेवणघरात गोळा केलं आणि विचारलं, “भविष्यातली आदर्श गाडी कशी असावी? मनात येईल ते बोला!” इटलीतल्या मोदेनाच्या टेकड्यांतल्या माणसाला गाडीबद्दल मनात येईल ते बोल म्हणायचं, म्हणजे लग्नघरात जाऊन आचाऱ्याचं काय चुकलं असं विचारण्यासारखं. त्या दिवशी जेवणाची सुट्टी संपली, चहाची वेळ झाली, तरी लोक उठेनात.

एकाला पाठ रगडणारी सीट हवी होती. दुसऱ्याला पंखासारखी वर उघडणारी दारं. हिशेबखात्यातल्या बाईंना गाडीने मालकाचा मूड ओळखून आतल्या दिव्यांचा रंग बदलायला हवा होता. मालकांच्या मेहुण्यांना लाम्ब्रुस्को वाइनची बाटली गार ठेवणारा फ्रीज हवा होता, दोन सीटांच्या मधोमध. पेट्रोलचा वास सोडणारी बारीक फवारणी सुचवणाराही एक निघाला, आणि लोकांनी त्याला टाळ्या दिल्या.

“आणि आवाज!” जाकोपो म्हणाला. “बारा सिलिंडरच्या इंजिनाचा आवाज. पुढे दोन आणि मागे दोन भोंगे लावायचे. गिऱ्हाईक डोळे मिटून ओळखेल, झांफ्रीनी आली!”

“गिऱ्हाईकाने डोळे मिटले तर गाडी भिंतीत जाईल,” मोरेना म्हणाली. कोणी हसलं नाही. आवाजाच्या बाबतीत त्या गावात कोणी हसत नसे.

मग एर्मेस उठला. एर्मेस म्हणजे कारखान्याचा चाचणी चालक. झांफ्रीनींची प्रत्येक नवी गाडी आधी त्याने चालवायची, मग दुनियेने. रुबाब आर्चबिशपचा, आणि बोलणं मोजकंच. गाडी कशीही असो, हा खाली उतरून एवढंच म्हणायचा, “धावते.” त्या दिवशी मात्र तो चक्क दोन वाक्यं बोलला. “हा व्हॅक्यूम क्लीनर आहे. आवाज नसेल तर मी नाही.”

मोरेनाने कपाळाला हात लावला.

“आणि मॅडम, तुमची आदर्श गाडी?” जाकोपोने गोड आवाजात विचारलं. “तुम्ही तर काहीच मागितलं नाही.”

“तेच मागतेय,” ती म्हणाली. “काही नको. हलकी हवी. रस्ता हाताला कळायला हवा, पाठीला कळायला हवा. दोन माणसं बसतील आणि वळण आलं की त्यांना हसू येईल. बस्स.”

सगळ्यांनी तिच्याकडे दयेने पाहिलं. इतकी शिकलेली बाई, आणि मागून काय मागितलं!

जे कोणी सोडायला तयार नव्हतं ते म्हणजे खिडकीच्या काचा. एका गटाला उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचा हव्या होत्या, दुसऱ्याला काचेवरच नकाशा आणि बातम्या दिसायला हव्या होत्या. यावर इतक्या बैठका झाल्या की नमुन्याची पहिली गाडी रंगून, चाकं लावून, बॅटरी भरून उभी राहिली तरी तिच्या दारांना काचा नव्हत्या. “आता पाऊस आला तर छत्री धरून बसवू एर्मेसला,” मोरेना चिडून म्हणाली, आणि गाडी तशीच बिनकाचेची बाहेर काढली. कारण दिवस ठरला होता. मालकांच्या काट्याचा दिवस.

हा काटा म्हणजे झांफ्रीनींच्या घराण्याचं न्यायालय. टेकडीवर इवोन्नेची खानावळ आहे. खिडकीखालून रस्ता जातो आणि तिथेच त्याला एक अवघड वळण आहे. अमिल्कारे झांफ्रीनी, कारखान्याचे मालक, वय ब्याऐंशी, नवी गाडी पास करायची की नाही हे कार्यालयात बसून कधीच ठरवत नसत. ते खिडकीकडे पाठ करून जेवायला बसत. खालून एर्मेस गाडी घेऊन जाई. आवाज ऐकून मालकांनी काटा ताटात ठेवला तर गाडी बाजारात गेली. काटा तोंडाकडे गेला तर बनवणाऱ्याने मुकाट्याने परत कारखान्यात जायचं, पहिल्यापासून सुरू करायचं. दोन इंजिनियर या काट्यापायी नोकरी सोडून गेले होते.

आणि पाठ करूनच बसायचं, याला त्या गावात फार महत्त्व. रस्त्यावरून गाडी गेली म्हणून मान वळवून पाहतो तो पर्यटक. गावातला माणूस फक्त ऐकतो. पत्ते पिसता पिसता, हातातलं पान न चुकवता तो सांगणार, “दुसरा गियर उशिरा पडला. नवशिक्या दिसतोय.” इवोन्नेचं कुत्रंसुद्धा कधी मान वळवत नाही.

मोरेनाने आदल्या आठवड्यात मालकांना सांगून पाहिलं होतं. “मालक, हिला आवाजच नाही. कानाने कसं ठरवणार? एकदा बाहेर उभे राहा, डोळ्यांनी बघा. नाहीतर शेजारी बसा.”

“मी पर्यटक आहे का?” मालक म्हणाले होते.

तर त्या दुपारी इवोन्नेच्या खानावळीत मालक नेहमीच्या खुर्चीवर, पाठ खिडकीकडे. एका बाजूला मोरेना, दुसऱ्या बाजूला जाकोपो, दोघांचीही पाठ तिकडेच. कोपऱ्यात चार म्हातारे ब्रिस्कोला हा पत्त्यांचा डाव खेळत होते. त्यांचीही पाठ खिडकीकडे. उकाडा होता म्हणून खिडकी सताड उघडी. इवोन्नेने तोर्तेल्लिनीची, म्हणजे सारण भरलेल्या कणकेच्या गोळ्यांच्या सूपाची, गरम गरम वाडगी आणून ठेवली आणि ती बाहेर वाळत घातलेले मेजपोस काढायला गेली.

मोरेनाने वाडग्याला हातही लावला नव्हता. आज काटा तोंडाकडे गेला तर गाडी जाकोपोच्या हातात जाणार होती. भोंगे, फ्रीज, मूड ओळखणारे दिवे, सगळं तिच्यात बसणार, आणि तिची हलकी पोर दुप्पट वजनाची होऊन बसणार. हे तिला सहनच होणार नव्हतं. तिने ठरवूनच टाकलं होतं, तसं झालं तर राजीनामा. मग शेतीच्या ट्रॅक्टरचे पंप बनवायला जाऊ. ट्रॅक्टरमध्ये निदान कोणी फ्रीज मागत नाही.

“कधी येणार तुझी गाडी?” मालकांनी विचारलं.

“येईल एवढ्यात.”

“मालक, तोवर एक छोटीशी सूचना होती,” जाकोपो म्हणाला. मोरेनाने डोळे मिटून घेतले. “आवाज निवडायची सोय देऊ. आज बारा सिलिंडर, उद्या विमान, परवा सिंहाची डरकाळी.”

“सिंह!” कोपऱ्यातला एक म्हातारा पत्ता टाकत म्हणाला. “माझ्या जावयाला गाढवाचा लावा.”

“त्याला कशाला? तो स्वतःच ओरडतो की,” दुसरा म्हणाला.

खालून गाड्या जात होत्या. पाववाल्याची व्हॅन गेली, म्हाताऱ्यांनी ओळखली. पोस्टाची गेली, तीही ओळखली. मध्ये टायरांचा नुसता सर्र आवाज होई, त्याकडे कोण लक्ष देतो. मालकांचा काटा हातातच होता, तोर्तेल्लिनी निवत चालली होती. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला उपाशी बसवलंय म्हणून म्हातारे मोरेनाकडे रागाने बघू लागले.

“बंद पडली असेल,” जाकोपो हळूच म्हणाला.

तेवढ्यात इवोन्ने मेजपोसांचा गठ्ठा घेऊन आत आली. “अगं मोरेना, ती लाल चपटी गाडी तुझीच का गं? दोनदा गेली की इथून. एर्मेसने मला हातसुद्धा केला.”

ज्या गावात गाडी न पाहता ओळखतात, तिथे झांफ्रीनींची नवी गाडी खुद्द झांफ्रीनींच्या पाठीमागून दोनदा जाऊन आली आणि कोणाला पत्ता नव्हता. म्हाताऱ्यांनी पत्ते पालथे घातले. मालकांचे कान लाल झाले.

“हेच मी म्हणत होतो!” जाकोपो जवळजवळ उभाच राहिला. “आपल्याच लोकांना कळली नाही. भोंगे लावावेच लागतील!”

मालकांनी एक तोर्तेल्लिनी काट्याला टोचली आणि काटा उचलला.

मोरेनाची सहनशक्ती इथे संपली. तीन वर्षं राग गिळत आलेली ती बाई टेबलावर हात आपटून ओरडली, “गप्प बसा! सगळे! मालक, तुम्हीसुद्धा! तीन वर्षं झाली, ज्याला त्याला गाडीत आवाज हवाय, कारण तुम्हाला शांत बसताच येत नाही! गाडीला आवाज नाही म्हणता, अहो, तुमची बडबड थांबेल तर ऐकू येईल ना! तो परत येतोय. एकदा, आयुष्यात एकदा, तोंडं मिटा!”

इवोन्ने मेजपोस छातीशी धरून उभी राहिली. म्हातारे शाळेतल्या पोरांसारखे ताठ झाले. मालकांचा काटा हवेतच राहिला.

आणि खरोखरच सगळं शांत झालं. खालच्या रस्त्यावर टायरांचा सर्र आवाज जवळ आला, वळणाशी मंदावला, आणि उघड्या खिडकीतून स्पष्ट शब्द आले.

“खा, कंजूष बोक्या, खा! गीळ! इकडे माझी पाठ मोडली आणि तू सूप ओरप!”

आवाज एर्मेसचा होता. मोजकं बोलणाऱ्या एर्मेसचा.

मालकांचे कान आणखी लाल झाले. गाडी आता थेट खिडकीखाली वळत होती, आणि एर्मेसचा आवाज एकदम बदलला. आजारी लेकराशी बोलावं तसा तो मऊ झाला.

“हां, वळ गं राणी… आणखी… अगं, तू तर मी सांगायच्या आधीच वळतेस! देवा, काय गाडी आहे! तीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी गाडी बनवली. आणि ही गाढवं हिच्यात फ्रीज घालणार म्हणे! पण त्या मोरेनाला नाही हां सांगायचं. डोक्यावर बसेल बया!”

मग तो चक्क हसला. एकटा, मोठ्याने, जत्रेतल्या पाळण्यात बसलेल्या पोरासारखा. सर्र आवाज पुढे गेला आणि उतारावर विरून गेला.

मालकांनी काटा ताटात ठेवला.

तो लागल्याचा बारीक आवाज सगळ्यांनी ऐकला. मोरेनाचे डोळे भरून आले आणि त्याचाही तिला रागच आला.

थोड्या वेळाने एर्मेस आत आला. हातमोजे काढले, केस सारखे केले, नेहमीच्या रुबाबात टेबलापाशी उभा राहिला.

“कशी आहे?” मालकांनी विचारलं.

“धावते,” एर्मेस म्हणाला. “पण व्हॅक्यूम क्लीनर. आवाज हवा.”

कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याला ठसका लागला.

“एर्मेस,” मालक म्हणाले, “‘कंजूष बोका’ हे कधीपासून?”

एर्मेसला आधी कळलंच नाही. त्याने मालकांकडे पाहिलं, मग उघड्या खिडकीकडे, मग खाली उभ्या असलेल्या गाडीच्या बिनकाचेच्या दाराकडे. हळूहळू त्याचा चेहरा त्या गाडीच्या रंगाचा झाला.

“पहिल्या गाडीपासून, मालक,” तो खाली बघत म्हणाला. “दर वेळी. या वळणावर. इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकू जायचं नाही म्हणून…”

“दर वेळी हेच?”

“गाडी वाईट असली की तुम्हाला शिव्या जास्त. चांगली असली की गाडीशी बोलणं जास्त.”

मालकांनी ताट बाजूला सारलं. “म्हणजे तीस वर्षं हा माणूस माझ्या पाठीमागे दोन हातांवर खरं काय ते ओरडून सांगत होता,” ते म्हणाले, “आणि मी इंजिन ऐकत बसलो होतो. आणि सगळ्यांना सांगत होतो, माझा कान बघा!” मग ते जाकोपोकडे वळले. “भोंगे रद्द. फ्रीज रद्द. मेहुण्याला मी सांगतो. गाडी आहे तशी जाईल.”

“पण काचा, मालक? काळ्या की बातम्यांच्या?”

“साध्या,” मोरेना म्हणाली. “हाताने खाली करायच्या.”

“आणि एर्मेसच्या गाडीला बसवूच नका,” मालक म्हणाले. म्हाताऱ्यांनी टेबल बडवलं, इवोन्नेने न विचारता लाम्ब्रुस्को उघडली, आणि एर्मेस कुठे तोंड लपवावं ते न कळून कुत्र्याला थोपटू लागला.

मोरेना जिंकली होती. तिला नाचावंसं वाटायला हवं होतं. पण मनात काहीतरी सलत राहिलं, आणि ते आत ठेवणं आज तिला शक्य नव्हतं.

“मालक, हलकी हवी, वळणावर हसू यायला हवं, दुसरं काही नको, हे मी तीन वर्षं सांगतेय. शब्द न् शब्द. माझ्या आणि तुमच्या मध्ये तर इंजिनही नव्हतं.”

झांफ्रीनींनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं.

“तू तोंडावर सांगत होतीस, मोरेना,” ते म्हणाले. “मला वाटलं, तुझीही एक छोटीशी सूचना असेल.”

मोरेनाने पुढ्यातलं वाडगं उचललं. सूप गार ढोण झालं होतं. ती ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली, खुर्ची फिरवून, पर्यटकासारखी खिडकीकडे तोंड करून.