पाचच्या भोंग्यातली नाझुना

गाण्यातलं मला काही कळत नाही, हे मी बेटावरच्या या शाळेत रुजू झालो त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "कुरामोची सर, गातात मुलं. तुम्ही फक्त सोबत बसायचं." मी भूगोल शिकवतो. संगीताच्या बाई आठवड्यातून दोनदा पलीकडच्या गावाहून बोटीने येतात आणि शेवटचा तास संपायच्या आत परतीच्या बोटीत बसलेल्या असतात. म्हणून गायन मंडळ माझ्याकडे आलं.

मंडळात सात जण होते. त्यातल्या चौघी टीव्हीवर गायन मंडळाची कुठलीशी ॲनिमे मालिका लागायची, ती बघून आलेल्या. त्या मालिकेत म्हणे खोलीत तिरपं ऊन येतं, वाऱ्यावर पांढरे पडदे उडतात आणि मुली खिडकीशी उभ्या राहून गातात. आमच्या खोलीत व्यायामशाळेतल्या जुन्या गाद्या रचून ठेवल्या होत्या. पहिल्या वर्षाची नाझुना काकिहारा पहिल्याच आठवड्यात मला विचारायला आली, "सर, पडदे कुठे आहेत?" पडदे दोन वर्षांपूर्वी धुवायला गेले होते.

नाझुनाचे वडील कालवांची शेती करतात. खाडीत त्यांचे अकरा तराफे आहेत. मुलगी अंगाने लहानशी, आवाज मात्र बारीक आणि लख्ख. तिची एकच खोड होती, प्रत्येक गोष्ट ती वेळेच्या थोडी आधी करायची. विनोद संपायच्या आत हसायची. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर द्यायची. मंडळाची प्रमुख होती तिसऱ्या वर्षाची चिगुसा. गाणं तीच बसवायची, हातवारेही तीच करायची, आणि गरज पडली तर मलाही दटावायची.

जुलैमध्ये नगर कार्यालयातले इनुई साहेब गोड पावांचा खोका घेऊन शाळेत आले. संकटाचा इशारा देणारे गावातले भोंगे त्यांच्या खात्याकडे असतात. ते नीट चालतात की नाही हे कळावं, आणि पोरांनी घरी जावं, म्हणून रोज संध्याकाळी पाचला त्यांवर एक धून वाजते. ते यंत्र एकतीस वर्षांचं झालं होतं, आणि धून आता पाण्यात बुडवलेल्या पेटीसारखी ऐकू यायची. नवं यंत्र आलं होतं. नगराध्यक्षांच्या मनात होतं की त्यावर शाळेतल्या मुलांनी ग्रामगीताचं पहिलं कडवं गावं.

"चाळीस सेकंदांचं काम आहे," इनुई म्हणाले.

"चाळीस सेकंद ना, गाऊ की," चिगुसा म्हणाली आणि तिने खोका उघडला.

ध्वनिमुद्रण सुट्टीत झालं. बाहेर झाडांवरचे किडे केकाटत होते म्हणून खिडक्या बंद, आणि एसी टपटप गळतो म्हणून तोही बंद. पहिल्या खेपेला बोटीचा कर्णा वाजला. दुसऱ्या खेपेला गाकूचं पोट गुरगुरलं. हा आमचा एकुलता एक खर्जाचा आवाज, त्यामुळे त्याला बाहेरही काढता येईना. सहा वेळा गाऊन झाल्यावर सगळे घामाने निथळत होते. कानांवरचे हेडफोन काढून इनुई म्हणाले, "चौथं घेऊ या. चौथं बरं होतं." पुन्हा ऐकायची ताकद कोणात नव्हती. आम्ही बर्फाच्या कांड्या खायला गेलो.

एक सप्टेंबरला पाचला पाच कमी असताना आम्ही सगळे मैदानात जाऊन उभे राहिलो. भोंगा खरखरला. "दिवस कलला, होड्यांनो" ही पहिली ओळ झकास आली. तिच्यानंतर दोन मात्रा थांबायचं असतं आणि मग सगळ्यांनी मिळून "परत या" म्हणायचं असतं. त्या थांबलेल्या जागेत एकच बारीक, लख्ख आवाज आला, "पर—", आणि तिथेच तुटला. मग सगळे म्हणाले, "परत या."

गावात एकूण त्रेचाळीस भोंगे आहेत. वाजतात सगळे एकदम, पण लांबच्यांचा आवाज उशिरा पोचतो. त्यामुळे बंदराकडून ते "पर—" पुन्हा आलं, मग टेकडीवरून आलं, आणि सगळ्यात शेवटी, एकदम नाजूक, खाडीच्या पलीकडून.



"एवढं काही कळलं नाही," चिगुसा म्हणाली.

"मला चार वेळा कळलं," गाकू म्हणाला, आणि चिगुसाने त्याच्या पायावर पाय दिला.

 नाझुनाचे कान लाल झाले होते.

दुसऱ्या दिवसापासून प्राथमिक शाळेतली पोरं तिला बघून "पर, पर" करत सायकली पळवायला लागली. मासळीवालीने "आमची परीताई" म्हणून तिला दोन बांगडे जास्त दिले. बाई मनापासून देत होती, पण नाझुनाने ते रडत घरी नेले असं नंतर कळलं. ती सरावाला यायची, मात्र पाच वाजत आले की गायब व्हायची. एकदा मी शोधत गेलो तर शाळेच्या पोहण्याच्या तलावाशी चिगुसा हातात घड्याळ घेऊन बसलेली.

"नाझुना कुठाय?"

चिगुसाने बोटाने पाणी दाखवलं. तेवढ्यात भोंगा संपला आणि तळातून नाझुनाचं डोकं वर आलं.

"सेहेचाळीस सेकंद," चिगुसा म्हणाली. "सर, ही खरं तर पोहण्याच्या संघात हवी होती."

मला हसू आलं, पण त्या मुलीचं तोंड बघून मी ते गिळलं आणि दुसऱ्या दिवशी नगर कार्यालयात गेलो.

"आमच्याकडे एकही तक्रार आलेली नाही," इनुई म्हणाले.

"मुलीची आहे."

त्यांनी सुस्कारा टाकून एक फॉर्म पुढे केला. बदलाचं कारण लिहायला बोटभर जागा होती. मी लिहिलं, तांत्रिक दोष. त्याची प्रत नाझुनाने वाचली.

"मी तांत्रिक दोष आहे का सर?"

"तेवढीच जागा होती," मी म्हणालो. याहून चांगलं उत्तर मला आजही सुचलेलं नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा मुद्रण झालं आणि पहिल्याच खेपेला गाणं स्वच्छ उतरलं. थांबायच्या जागी सगळे थांबले. इनुईंनी अंगठा वर केला. सोमवारपासून नवं मुद्रण लागलं, आणि गावात कोणाला काही फरकही जाणवला नाही. सायकलवाली पोरं तेवढी एक दिवस हिरमुसली. नाझुना आता पाच वाजता मैदानातच असायची. मी ज्याला त्याला सांगत सुटलो होतो की ही आमची सातही मुलं, ऐका कशी एका सुरात गातात.

आठवड्याभराने चिगुसा आणि नाझुना शिक्षकखोलीत माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

"सर, मी गायले नाही," नाझुना म्हणाली. "दुसऱ्या वेळी. मी फक्त तोंड हलवत होते."

मला आधी कळेचना. मग कळलं.

"बाबांनी ओळखलं," ती म्हणाली. "ते तराफ्यावर असतात ना तेव्हा. जेवताना म्हणाले, बाकी पोरांचे आवाज येतात, तुझा नाही येत, घसा बसला होता का? मी हो म्हणाले. मग त्यांनी मध आणून दिला."

"मला माहीत होतं," चिगुसा म्हणाली. "मी तिच्या शेजारीच उभी होते."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"चांगलं झालं होतं सर. वाटलं, सुटलो एकदाचे. तीही सुटली."

"ताई, तुम्ही नंतर मला म्हणालात, मस्त गायलीस," नाझुना म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "पोरं चिडवायची ना, त्याचं मला एवढं नाही लागलं."

माझ्या टेबलामागे जगाचा नकाशा आहे. चिगुसा बराच वेळ त्यात कुठेतरी बघत राहिली. 

"हो, म्हणाले मी तसं," ती शेवटी म्हणाली. "चुकलं माझं."

एवढंच झालं. कोणी रडलं नाही, गळ्यातही पडलं नाही. नाझुनाने नाक ओढलं आणि विचारलं, "इनुई साहेब किती वाजेपर्यंत असतात?"

मी एकटा गेलो असतो, पण दोघी आल्याच. इनुईंनी आम्हाला दारात बघूनच पेन खाली ठेवलं.

"सर, हे भोंगे भूकंपासाठी आहेत," ते म्हणाले. "रियाजासाठी नाहीत."

"मागच्या वेळी मी गायले नव्हते," नाझुना म्हणाली.

"तरीही छान झालंय की. उलट—"

"त्यात सहाच जण आहेत. तुमच्या कागदावर सात नावं आहेत."

इनुई हा कागदाचा माणूस. त्यांनी कपाटातून फाईल काढली, नावांवरून बोट फिरवलं, सात मोजली, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"म्हणजे नोंद चुकीची आहे."

"हो," चिगुसा गंभीरपणे म्हणाली. "आम्ही आलो नसतो तर कायमची चुकीचीच राहिली असती."

त्यांनी फाईल मिटली. मग म्हणाले, "एक नोव्हेंबरला हिवाळ्यासाठी भोंग्याची वेळ साडेचारची होते. तेव्हा यंत्र उघडावंच लागतं. तीस तारखेच्या आत होत असेल तर बघा. त्यानंतर मात्र माझ्याकडे यायचं नाही."

आमच्याकडे बारा दिवस होते आणि नाझुनाला थांबता येत नव्हतं. मात्रा मोजायला सांगितलं तर ती मात्राही भरभर मोजायची. चिगुसाने हातवारे केले, टाळ्या दिल्या, एकदा तर तिचं तोंडच धरलं. चौथ्या दिवशी कंटाळून तिने विचारलं, "थांबायच्या जागी तुला होतं तरी काय?"

नाझुनाने विचार केला. बहुधा हे तिला आधी कोणी विचारलंच नव्हतं.

"सगळे गप्प झाले की मला वाटतं, माझं लक्ष नव्हतं तेवढ्यात सगळे पुढे निघून गेले."

आतापर्यंत मुलं ओळीत, खिडकीकडे तोंड करून उभी राहायची. त्या मालिकेत तशाच उभ्या राहतात म्हणे. चिगुसाने सगळ्यांना गोल उभं केलं, चेहरे आत. पहिल्यांदा सगळे एकमेकांना बघून फिदीफिदी हसले. गाकूला तर मुलींकडे बघून गाता येईना, तो छताकडे बघत गायला लागला. पण त्या दोन मात्रांत नाझुना एकेकाच्या तोंडाकडे बघायची. सगळे तिथेच असायचे, श्वास घेत. तीही त्यांच्याबरोबर श्वास घ्यायची. गाडी रुळावर आली. रोज नाही आली, पण दहातल्या सात वेळा तरी.

अठ्ठावीस तारखेला हवा गार होती, खिडक्या उघड्या ठेवता आल्या. इनुईंनी यंत्र गोलाच्या मधोमध ठेवलं. मी कोपऱ्यात गाद्यांवर बसलो होतो. "दिवस कलला, होड्यांनो." मग ती जागा आली. नाझुनाचे डोळे गाकूवरून चिगुसावर गेले आणि तिथेच थांबले. चिगुसाने मान हलवली नाही, हातही हलवला नाही. मग सातही जण एकदम म्हणाले, "परत या", आणि त्यात तो बारीक आवाज सगळ्यांच्या वर तरंगला. गाण्यातलं मला काही कळत नाही. पण आधीच्या मुद्रणात काय नव्हतं ते मला त्या क्षणी कळलं.

एक नोव्हेंबरला साडेचार वाजता मी सहकारी भांडारात मुळा निवडत होतो. भोंगा लागला. कडवं सुरेख झालं, शेवटचा सूर विरत गेला, आणि मग सगळ्या गावावर एका मध्यमवयीन पुरुषाचा जडसा आवाज आला, "छान."

मी म्हणालो होतो हे मला आठवतही नव्हतं. बंदराकडून आलं, "छान." टेकडीवरून आलं, "छान." गल्ल्यावरची बाई माझ्याकडे बघत म्हणाली, "हा आवाज ओळखीचा वाटतो."

इनुईंना फोन केला तर म्हणाले, "ऐकलं मी. माझ्या कागदावर आता आठ नावं लिहिली आहेत. पुढची वेळ मार्चमध्ये."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात शिरलो तर तिसऱ्या बाकावरून कोणीतरी खर्जात "छान" म्हणालं आणि अख्खा वर्ग टेबलांवर डोकी टाकून हसला. सायकलवाल्या पोरांनाही नवा उद्योग मिळाला. नाझुना संध्याकाळी कालवांची पिशवी घेऊन माझ्या घरी आली.

"बाबांनी दिलीत," ती म्हणाली. "सर, पहिले तीन आठवडे जड जातात."

"आणि मग?"

"मग चौथा येतो," ती म्हणाली आणि मला विनोद कळायच्या आत हसली.

मार्चमध्ये वेळ पुन्हा पाचची व्हायची होती. इनुईंनी स्वतःहून फोन करून विचारलं, शेवटचा शब्द कापून टाकू का, दोन मिनिटांचं काम आहे. मी मंडळात मतदान घेतलं. ठेवावा म्हणून सात हात वर गेले. चिगुसा तर शाळा संपवून चालली होती, तिचा हात सगळ्यांत उंच होता. मग सगळे माझ्याकडे बघत राहिले. मीही हात वर केला.