रूबेन सरांचा उशीर

वैभवीने दार उघडलं तर बाहेर रूबेन सर! शाळेतले तिचे फिजिक्सचे सर, आता पार म्हातारे झालेले. धापा टाकत होते, पण चेहरा कसा खुलला होता.

"या ना सर, आत या."

"बसत नाही. आज संध्याकाळपासून आमचा ज्यूंचा योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस. पण ज्या माणसाचं वाईट केलं, त्याच्याकडे आधी जावं लागतं. सायन्स फेअरमधलं तुझं दुर्बिणीचं मॉडेल कॉपी केलेलं आहे म्हणून मी बाद केलं. नंतर कळलं, तुझंच होतं. तरी गप्प बसलो."

वैभवीचे कान तापले. त्यानंतरच तिने फिजिक्स सोडलं होतं. आता ती रोज ट्रेनने रीडिंग शहरातल्या एका फायनान्स कंपनीत कामाला जायची.

"आता काय उपयोग, सर? तो काळ गेला."

"नाही गेला!" सर जवळजवळ ओरडलेच. "सिनेगॉगच्या, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळाच्या, अभ्यासवर्गात सध्या हाच विषय चाललाय. घडलेलं बदलत नाही. पण जे घडलं ती कशाची सुरुवात होती, ते अजून ठरायचंय! म्हणून तर धावत आलो."

"म्हणजे मी माफ केलं की तुम्ही सुटलात?"

सर वरमले. "माफ नको करूस. मला काहीतरी करायला सांग."

"मग शिकवा मला. सोडलं होतं तिथून." वैभवी बोलून गेली.

तिची आई आशाताई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "अगं, या वयात?"

"हो आई, या वयात!"

रविवारी सर स्प्रिंगा आणि वजनं घेऊन हजर. चहा गार झाला. "थांबा, उत्तर सांगू नका, मी सांगते!" वैभवी ओरडत होती. निघताना तिने स्पष्ट सांगितलं, "राग गेला नाहीये अजून." सर म्हणाले, "बरं," आणि पुढचा रविवार ठरवून गेले.

उन्हाळ्यात, रीडिंगहून परतताना ट्रेनमध्येच तिला ईमेल आला. युनिव्हर्सिटीत पार्ट-टाइम फिजिक्सला ॲडमिशन! तिने आधी सरांना फोन लावला.

"सर, मिळाली! आणि सर, माफ केलं."

"काय? ऐकू येत नाहीये!"

"माफ केलं!" ती ओरडली. अख्खा डबा वळून बघायला लागला. तिला हसू आवरेना.